जीप खोकते आणि रतनवाडी राहते

मैत्रिणींनो, भंडारदऱ्याला तुमच्यापैकी पुष्कळजणी जाऊन आल्या असतील. मुंबई-नाशिककडची मंडळी घोटीवरून, कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून येतात. आम्ही संगमनेरकर मात्र मागच्या दाराने शिरतो. आधी अकोले, मग विठा घाट, राजूर, रंधा धबधबा आणि शेवटी धरणाकाठचं शेंडी. अंतर म्हणाल तर सगळं मिळून साठेक किलोमीटर. सकाळची दुधं तापवून निघालं तर जेवायच्या आत पोहोचावं इतकंच. पण 2023 ची दिवाळी ते 2024 ची दिवाळी, या एका वर्षात आम्ही तीनदा निघालो आणि तिन्ही वेळा विठा घाटातून परत फिरलो. कारण आमची जीप.

ही जीप माझ्या सासऱ्यांनी 1976 साली घेतली. पेट्रोलची, चार सिलिंडरची, मागे समोरासमोर बाकं असलेली. मुंबईत 1947 पासून विलीस जीप जोडायला सुरुवात झाली, त्याच घराण्यातली ही. सासरे असेपर्यंत दर कार्तिकात सासूबाईंना घेऊन ते रतनवाडीच्या अमृतेश्वराला जात. ते गेल्यावर हा नेम मोडला. सासूबाई आता एक्क्याऐंशीच्या. दुसऱ्या कुठल्याही गाडीने नेतो म्हटलं तर त्यांचं एकच, “जायचं तर ह्यांच्या गाडीने. नाहीतर इथूनच हात जोडते.” आणि आमचे हे तर ती गाडी विकायला निघालेले! पुण्याचं एक गिऱ्हाईक दोनदा येऊन बघूनही गेलं होतं. जुन्या गाडीची फेरनोंदणी, हरित कर, त्यात घाट चढत नाही. ठेवायची कशाला, असं ह्यांचं म्हणणं.

आता ‘घाट चढत नाही’ म्हणजे नेमकं काय, ते सांगते. गॅरेजवाले त्याला ‘मिसिंग’ म्हणतात. शिवणाचं यंत्र चांगलं चालता चालता मध्येच टाका गाळतं ना, तसंच. इंजिनाच्या चार सिलिंडरांत पाळीपाळीने ठिणगी पडते आणि पेट्रोलची वाफ पेटते. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर ठिणग्या किती, तर चार हजार. त्यातल्या काही पडल्याच नाहीत किंवा नुसत्याच पडून गेल्या, की गाडी हिसका देते, खोकते, मागून फट्ट असा आवाज काढते. सपाटीवर ते खपून जातं. चढावर, मागे ट्रक आणि शेजारी दरी असताना, पोटात गोळा येतो.

यंत्र टाका गाळायला लागलं तर आपण काय करतो? आधी सुई बघतो, मग दोरा, मग ताण. एकेक. एकदम सगळं बदलत नाही. पण मोटारीच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसंही एकदम सगळं बदलतात. प्लग नवे झाले. कार्बोरेटर दोनदा उघडून धुतला. पॉइंट तर वर्षात तीनदा बदलले. कॉइल त्याआधीच नवी टाकलेली होती, म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. शेवटी, हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात त्याचा हा दोष, असं एका गॅरेजवाल्याने ठरवून टाकलं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्याने लवकर खराब होतात हे खरं, पण आमच्या नळ्याही तोवर बदलून झाल्या होत्या.

मी मागच्या बाकावर बसणारी. मला पॉइंट आणि प्लग यातला फरक तेव्हा कळत नव्हता. पण घरात तान्हं मूल तापानं फणफणलं की आपण काय करतो ते मला ठाऊक होतं. ताप कधी चढतो, कधी उतरतो, काय खाल्ल्यावर उलटी होते, सगळं लिहून ठेवतो आणि डॉक्टरांपुढे कागद धरतो. किराणाच्या वहीच्या मागच्या पानावर मी तसंच लिहायला लागले. सकाळी थंड गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते. अकोल्यापर्यंत काही नाही. घाट चढायला लागलं की दहा मिनिटांत हिसके. उतारावर बंद. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा ठीक. पाऊस असो, ऊन असो, फरक नाही. टाकी भरलेली असो वा अर्धी, फरक नाही.

अकोल्यात एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. ह्यांनी कुठले भाग बदलले त्याची यादी सांगायला सुरुवात केली तर चाचा म्हणाले, “साहेब, औषधं नका सांगू, दुखणं सांगा.” मग मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. “वहिनी, पावसात वाढत नाही म्हणता? मग वरच्या वायरी गळत नसाव्यात. थांबलं की बरं वाटतं. म्हणजे काहीतरी तापून आजारी पडतंय.”

चारही प्लग त्यांनी काढून ओळीने फडक्यावर मांडले. प्लगच्या टोकाचा रंग बिस्किटासारखा तांबूस असेल तर पोट ठीक. काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरटफटक असेल तर कमी, आणि तेलकट ओलं असेल तर आतून तेल चढतंय. आमचे चारही बिस्किटाच्या रंगाचे. मग चाचांनी पॉइंट पाहिले. जेमतेम चार महिन्यांपूर्वी घातलेले, तरी खड्डे पडून काळे झालेले. त्यावर ते काही बोलले नाहीत, नुसतं “हं” केलं. फट मोजून अर्धा मिलिमीटर केली आणि म्हणाले, “चला घाटात. इथं ती शहाण्यासारखीच वागणार.”

विठा घाटात ठरल्याप्रमाणे जीप खोकायला लागली. रुंद जागा बघून गाडी उभी केली, चाकामागे दगड लावले. इंजिन चालू ठेवून चाचांनी रबरी मुठीच्या पकडीने प्लगच्या वायरी एकेक करून क्षणभर उचलल्या. जिची वायर उचलल्यावर आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीच मेलेलं. इथे प्रत्येक वायरीला इंजिन आणखी डगमगलं. म्हणजे दोष एकाचा नव्हता, चौघांना मिळून जे मिळतं त्यात होता. तशा दोनच गोष्टी. एक पेट्रोल, दुसरी ठिणगी. आणि या दोन्हींचा एकेक भाग तापून बिघडू शकतो. पेट्रोलच्या पंपात वाफ धरते, किंवा कॉइल मान टाकते.

(एक सांगून ठेवते. चालू इंजिनाजवळ पदर खोचलेला आणि वेणी बांधलेली हवी. समोर पंखा फिरत असतो. आणि त्या वायरींना हात लावायचा नाही, झटका बसतो.)

“वहिनी, दोन ओली फडकी द्या.” पंचा फाडून मी दोन तुकडे केले. इंजिन बंद करून पहिला तुकडा पेट्रोलच्या पंपाभोवती गुंडाळला, वर पाणी शिंपडलं. गाडी पुन्हा सुरू केली, थोडी चढवली. खोकला तसाच. पुन्हा बंद. तो तुकडा काढून दुसरा कॉइलच्या पोटाला गुंडाळला. जाड वायर जिथे निघते ते तोंड मात्र कोरडं ठेवलं. पाच मिनिटं थांबून निघालो. मैत्रिणींनो, जीप सरळ चढली! तीन-चार वळणं कुणी बोललं नाही. मग फडकं वाळलं, आणि खोकला परत आला.

कॉइल म्हणजे पावडरच्या डब्याएवढा धातूचा डबा. बॅटरीच्या बारा व्होल्टचे त्यात हजारो व्होल्ट होतात आणि तिथून ठिणगी निघते. चाचांनी परत अकोल्यात येऊन मीटर लावला. या जीपला साधारण तीन ओहमची कॉइल लागते. आमची भरली दीड ओहम. तशी कॉइल ज्या गाड्यांना असते, त्यांत वाटेवर चिनीमातीचा बोटभर रेझिस्टर बसवलेला असतो, तो अर्धा जोर स्वतःवर घेतो. आमच्याकडे तो नव्हताच. म्हणजे कॉइलमधून दुप्पट वीज वाहत होती. तीच वीज पॉइंटमधून जाते, म्हणून ते वर्षात तीनदा जळाले. मला तर तिथेच उलगडा झाला. जे तीनदा बदललं, त्याला तीनदा कोण जाळत होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आणि घाटातच का? चढावर हळू चालतो, वारा कमी लागतो, इंजिन तापतं, कॉइल तापते, ठिणगी अशक्त होते. त्यातच चढावर सिलिंडरमधला दाब वाढलेला असतो, तिथे ठिणगी पडायला जोर जास्त लागतो. उतारावर ना ओझं ना दाब, म्हणून अशक्त ठिणगीही भागवून नेते. कॉइल नवी होती, चांगलीही असेल, पण या गाडीची नव्हती. चाचांनी तीन ओहमची कॉइल आणि नवे पॉइंट घातले. पूर्वी बदललेल्या कुठल्याही एका भागापेक्षा हा खर्च फार नव्हता.

पुढच्याच सोमवारी, 2024 च्या कार्तिकात, सासूबाईंना पुढच्या सीटवर उशा लावून बसवलं. अकोल्याला प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे, त्या दिशेला त्यांनी हात जोडले. विठा घाट आला तशी मी घड्याळाकडे बघायला लागले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. सासूबाई म्हणाल्या, “काय गं, घाट संपला की काय?” संपला होता.

रंध्याला कार्तिकात पाणी कमी असतं, पण कातळातली ती घळ बघण्यासारखी आहेच. शेंडीला धरण. काम 1910 साली सुरू होऊन 1926 मध्ये पुरं झालं, उंची 82 मीटरच्या आसपास, आणि बांधणी दगडी. तिथून मुतखेलवरून तलावाच्या काठाकाठाने रतनवाडीचा रस्ता. वाटेत भाताची कापणी चाललेली, खळ्यांवर पेंढ्यांच्या राशी, आणि पाण्यापलीकडे रतनगड. अमृतेश्वराचं देऊळ हेमाडपंती, दगडावरचं कोरीवकाम अजून रेखीव. शेजारची पुष्करणी चुकवू नका. गाभाऱ्यात पायऱ्या उतराव्या लागतात. सासूबाईंना ह्यांनी आणि मी दोन बाजूंनी धरलं. वर आल्यावर त्या देवळाकडे पाठ करून जीपकडेच बराच वेळ बघत बसल्या. मी काही विचारलं नाही.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला ह्यांनी कळवलं, तूर्त विचार नाही. हा ‘तूर्त’ मी लक्षात ठेवला आहे, आणि वहीही चालू ठेवली आहे.

तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. काजवे बघायचे तर मेअखेर ते जूनमधला पहिला पाऊस, पण तेव्हा गर्दी फार आणि रात्रीचा रस्ता अरुंद. हा भाग अभयारण्यात येतो, नाक्यावर प्रवेश शुल्क भरावं लागतं. पेट्रोल राजूरलाच भरून घ्या. जेवणाचं रतनवाडीत आधी सांगून ठेवलं तर घरगुती भाकरी-पिठलं मिळतं. गाडी जुनी असेल तर डिकीत पाण्याचा कॅन, दोन सुती फडकी, पकड आणि जास्तीचे पॉइंट ठेवा. वेळ असेल तर साम्रदवरून घाटघरला जाऊन कोकणकड्यावरून खाली बघा. संध्याकाळी पाचनंतर मात्र तिथे थांबू नका, धुकं उतरलं की समोरचं वळण दिसत नाही.