पाणी स्वच्छ, तरी मासे का मरतात?

नोकरीनिमित्त चेन्नईजवळच्या अंबत्तूरला येणाऱ्या मराठी कुटुंबात पहिल्या वर्षी मुलांची फार पंचाईत होते. शाळा नवी, भाषा परकी, खेळायला सवंगडी नाहीत. मग आईवडील त्यांना जवळच्या कोळत्तूरला घेऊन जातात. तिथे रंगीत माशांची दुकानंच दुकानं आहेत. काचेची पेटी, थोडी खडी, चार मोली आणि चार गप्पी घरी येतात, आणि मुलांना हक्काचे सोबती मिळतात.

काही आठवड्यांनी एक मासा मरतो. दोन दिवसांनी आणखी एक. मुलगी जेवत नाही. आई हवालदिल होऊन नवऱ्याला म्हणते, "अहो, मी तर आपल्या प्यायच्या फिल्टरचंच पाणी घालते!"

खरी मेख तिथेच आहे. आरओ फिल्टर पाण्यातले बहुतेक क्षार काढून टाकतो. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. पेटीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्या क्रियेत आम्ल तयार होतं. पाण्यात कार्बोनेट क्षार असतील, तर ते हे आम्ल पचवतात. ते नसतील, तर पाणी आम्लधर्मी होत जातं. दिसायला मात्र ते काचेसारखं स्वच्छच असतं!

पाण्याचं आम्लपण मोजण्याची पीएच, म्हणजे सामूची, पट्टी डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. ७ चा आकडा ६ झाला, तर आम्लता दहापट वाढते. मोली आणि गप्पींना ७ ते ८ च्या दरम्यानचं, थोडं जड पाणी मानवतं.

अंबत्तूरसारख्या उपनगरात आणखी एक अडचण येते. आज नळाचं पाणी, उद्या बोअरचं, परवा टँकरचं. २०१९ च्या उन्हाळ्यात तर चेन्नईचे चारही मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते आणि घरोघरी टँकरचीच वाट पाहिली जात होती. प्रत्येक पाण्याचा गुण वेगळा. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी मासे निभावून नेतात, पण रोजचे चढउतार त्यांना सोसत नाहीत.

उपाय स्वयंपाकघरातच आहे. तिसऱ्यांचे रिकामे शिंपले उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत घालून पाणी गाळणाऱ्या यंत्राजवळ ठेवावेत. पाणी आम्लधर्मी होऊ लागलं की ते हळूहळू विरघळतात आणि सामू सावरतात. संगमरवराची धुतलेली खडीही चालते. पोवळ्याचे तुकडे मात्र घेऊ नयेत. पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

लवकर फरक हवा असेल, तर खाण्याचा सोडा वापरता येतो. ५० लिटर पाण्याला पाव चमचा पुरे. तो कपभर पाण्यात विरघळवून थोडाथोडा घालावा. बेकिंग पावडर किंवा धुण्याचा सोडा चुकूनही वापरू नये. दुकानात मिळणाऱ्या थेंबांच्या संचाने रोज ठरावीक वेळी सामू तपासावा, कारण पेटीत वनस्पती असतील तर सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत फरक पडतो.

घाई मात्र नको. आम्लधर्मी पाण्यात साठलेला अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी रूपात असतो. सामू एकदम वाढवला, तर तोच विषारी बनतो आणि चेन्नईच्या उष्णतेत त्याचा जोर आणखी वाढतो. म्हणून आधी दोनचार दिवस पेटीतलं दहावा हिस्सा पाणी रोज बदलावं आणि खाणं कमी करावं. मग सामू दिवसाला ०.२ पेक्षा जास्त वाढू देऊ नये. पुढे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावं, तेही शक्यतो एकाच ठिकाणचं आणि क्लोरीन घालवलेलं.

पाणी तपासायचं काम मुलांकडे द्यावं. तारीख आणि आकडा वहीत लिहिता लिहिता त्यांना कळतं, की जीव लावणं म्हणजे नुसतं खाऊ घालणं नव्हे. मासा ज्या पाण्यात राहतो, ते सांभाळणंही त्यात आलं.