आधी कोण, मग कोण?

मुलांनो, मखर बांधायच्या आधीच गणपती आणून बसवला तर? तशीच फजिती गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी झाली.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मदत थांबली, आणि आमचा म्हातारा संगणक विंडोज ११ काही घेईना. मग कर्जत लोकल पकडली, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि नवी एसएसडी आणली.

घरी येताच मी उत्साहाने बोर्ड कॅबिनेटमध्ये आवळला. लेक म्हणाली, "आई, ही पत्र्याची पट्टी कुठली गं?" झालं! मागच्या खिडकीची ती पट्टी आतून, बोर्डाच्या आधी बसवायची असते. सगळे स्क्रू पुन्हा काढले.

मग लेकीनेच वहीत क्रम लिहिला. सगळ्यात वर काय, माहितंय? जुन्या डिस्कची दुसरीकडे नक्कल! आजोबांचे सगळे फोटो तिच्यातच होते, आणि आजोबा आता नाहीत. मग प्लग काढायचा, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा. प्रोसेसर टेबलावरच बसवायचा, त्रिकोणाला त्रिकोण जुळवून, अजिबात न दाबता. रॅम मात्र 'टक्' होईपर्यंत दाबायची. नंतर पट्टी, बोर्ड, वायरी. जुनी डिस्क विंडोज टाकून झाल्यावरच जोडायची, नाहीतर चुकून तीच पुसली जायची!

रात्री पडद्यावर आजोबा हसले. एक स्क्रू मात्र उरलाय. तो कुठला, ते आम्ही अजून शोधतोय.