मंडईचे पाहुणे आणि डाव मोजायच्या चकत्या

दिवाळी आटोपली, हलक्या धानाची कापणी उरकली, की आपल्या भंडारा जिल्ह्यात मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा मंडई, रात्री दंडार नाही तर नाटक, आणि घरात पाहुण्यांची रीघ. ज्यांना नाटकाला जायचे ते घोंगडी घेऊन जातात. जे उरतात ते ओसरीत सतरंजी टाकून पत्ते काढतात. जावई, मेहुणे, मामेभाऊ, एखादी हौशी मावशी. पत्ते पिसून होतात आणि कुणीतरी विचारतोच, "हारजीत मोजायला काय घ्यायचे?"

प्रश्न लहान दिसतो, पण घरातल्या कर्त्या माणसाने आणि कर्त्या बाईने त्याचे उत्तर आधीच ठरवून ठेवावे असे मला वाटते. मोजायला हाताशी दुसरे काही नसले, की हात खिशाकडे जातो. आणि एकदा दहाचे नाणे सतरंजीवर आले, की त्यामागून नोट यायला फार वेळ लागत नाही. आमच्या आजीचा याबाबतीत एकच कायदा होता. "खेळा का बाप्पा रातभर, पर पैसा नोका काढू!" असे म्हणून ती चिंचोक्यांचा डबा पुढे सरकवायची.

चिंचोके फुकटचे, काळेभोर, गुळगुळीत. अष्टाचंगा खेळायला तेच फोडून, दगडावर घासून फासे म्हणून चालतात, हे तुम्हाला सांगायला नकोच. पण पत्त्यांच्या डावात मोजायला घेतले की त्यांचा एक दोष दिसतो. त्यांची थप्पी लागत नाही, नुसता ढीग होतो. कुणाकडे किती उरले ते समोरच्याला कळत नाही, मग मोजामोजी, मग भांडण. शिवाय अंगणातल्या चिंचेखाली हवे तेवढे पडलेले असतात, म्हणजे हरणारा मध्येच उठून "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणाला तर काय करणार? (चिंचोक्याला किंमत नाही असे मात्र समजू नका. त्याच्या पिठाची खळ कापडाच्या सुताला लागते, म्हणून व्यापारी तो किलोने घेतात.) काडेपेटीतल्या काड्याही लोक घेतात, पण एकीच्या दोन करायला काय लागते! आणि विडी ओढणारे पाहुणे असले तर भांडवलच जळून जाते.

कवडी चिंचोक्याहून बरी. एकेक कवडी साधारण एक-दीड ग्रॅम भरते, हाताला गार लागते आणि अंगणात सापडत नाही. ती मूळची समुद्रातली, मुख्यतः मालदीव बेटांकडची. तिकडून ती बंगाल-ओडिशात जायची आणि तिथे खरा पैसा म्हणून चालायची. जुन्या हिशेबाने एका रुपयाला ५,१२० कवड्या. म्हणजे एक रुपया न्यायचा तर पाच-सात किलोचे ओझे! इंग्रजांनी ओडिशात कवडीचे चलन बंद करून चांदीच्या रुपयात सारा मागितला, तेव्हा शेतकरी नागवला. १८१७ च्या पाईकांच्या उठावामागचे ते एक कारण होते. आपण सहज "कवडीमोल" म्हणतो, पण त्या माणसांचे सगळे मोल कवडीतच होते.

मोजायच्या वस्तूला वजन किती असावे, हा खरा मुद्दा. तीन पत्तीचा एक भाऊबंद खेळ परदेशात चालतो, त्याला पोकर म्हणतात. त्यासाठी गोल चकत्या विकत मिळतात. हल्ली त्या आपल्याकडेही पेटीत मिळू लागल्या आहेत आणि शहरातले पाहुणे त्या घेऊन येतात. अगदी स्वस्त चकती नुसत्या प्लॅस्टिकची असते. दोन-तीन ग्रॅमची. पंख्याच्या वाऱ्याने थप्पी कोसळते, मावशीच्या पदराने उधळते. मध्यम पेटीतली चकती साडेअकरा ग्रॅमची असते. वजन येण्यासाठी तिच्या पोटात लोखंडाची पातळ टिकली घातलेली असते. चुंबक लावून पाहा, चिकटला तर आत लोखंड आहे असे समजा. अशी चकती कडेला तडकली आणि पेटी पावसाळ्यात दमट कोनाड्यात राहिली, की आतून गंज बाहेर येतो. काहींवर "माती" असे नाव असते, पण आजच्या बहुतेक चकत्यांचे नाव मातीचे आणि अंग प्लॅस्टिकचेच, त्यात खनिजाची पूड मिसळलेली. चौदा ग्रॅमच्याही मिळतात. पण तीनशे चकत्या म्हणजे चार किलोंच्या वर ओझे, आणि म्हाताऱ्या बोटांना ते झेपत नाही.

आता गंमत पाहा. आमच्या आजीच्या गाठोड्यात दोन राणीछाप रुपये होते. तो चांदीचा रुपया नेमका एक जुना तोळा भरायचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. परदेशातल्या कारखानदाराने खेळाच्या चकतीला ठरवलेले वजनही जवळजवळ तेवढेच! माझा तर्क असा, की माणसाच्या तळहाताला हे वजन पैशाचे म्हणून ओळखू येते. चकती टाकताना काहीतरी दिल्यासारखे वाटते, म्हणून माणूस टाकण्याआधी क्षणभर थांबतो. हा थांबा महत्त्वाचा.

हे मी का म्हणतो ते सांगतो. नात्यातल्या एका पोराच्या खात्यात धानाचा चुकारा जमा झाला. पुढच्या हंगामाचे बी, खत, बहिणीच्या लग्नाची उसनवारी, सारे त्यावरच होते. पोरगा रात्री खाटेवर पडल्या पडल्या मोबाइलवर पत्ते खेळायचा. आधी पन्नास रुपये, मग पाचशे. आठ-दहा रात्रींत चुकाऱ्याचा मोठा भाग गेला. बापाने मारले नाही, ओरडलाही नाही. दोन दिवस जेवला नाही एवढेच. मी पोराला जवळ बसवून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, हाताले काही लागलाच नाई. नुसता बोट फिरवला." सहा महिने रोवणी, निंदण, कापणी, मळणी करून जमवलेले धन, आणि जाताना त्याला चिंचोक्याइतकेही वजन नाही! पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायच्या अशा ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. चांगले झाले. पण त्या घरचे गेलेले परत आले नाही.

पोकरच्या चकतीचीही हीच दुसरी बाजू आहे. गोव्यात पणजीला मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात. तिथे दारातच तुमचे पैसे घेऊन हातात चकत्या देतात. नोट टाकताना माणूस विचार करतो, रंगीत चकती टाकताना कमी करतो, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. म्हणून माझे म्हणणे असे, की घरातल्या चकतीला वजन असावे, पण तिच्या मागे रुपया नसावा. "शेवटी हिशेब करू, एका चकतीचा एक रुपया" असे कुणी सुचवले तर हसून नाही म्हणावे. आणि घरमालकाने डावातून आपला वाटा काढायला सुरुवात केली, तर ते घर कायद्याच्या दृष्टीने जुगाराचा अड्डा ठरू शकते. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे.

मग चकत्या कशाच्या कराव्यात? आपला भंडारा पितळेचा. तीन सेंटिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर जाड पितळी चकती साधारण बारा ग्रॅम भरते, म्हणजे तोळाभरच. दिसते सुरेख. पण घामाच्या हाताला पितळेचा वास लागतो, पावसाळ्यात कळकते, आणि रात्री खणखणाटाने पाळण्यातले पोर उठते. शिवाय आजचा पितळेचा भाव पाहता ती वस्तूच धन झाली. मग आजीच्या कायद्याचे काय?

आम्ही बाभळीच्या करून घेतल्या. गाडीचे सामान घडवणाऱ्या आमच्या सुताराकडे तुकडे पडलेलेच होते. चार सेंटिमीटर रुंद, सहा मिलिमीटर जाड. अशी चकती सहा ग्रॅमच्या आसपास भरते. सागाची केली तर पाचच्याही आत राहते, हलकी वाटते. तोळ्याच्या निम्मे वजन, पण थप्पी पक्की बसते, आवाज ठक् असा बुटका येतो आणि बाजारात तिला कुणी विचारत नाही. सहा जणांना प्रत्येकी तीस पुरतात. रंग दोनच ठेवले, एक लाकडाचा मूळचा आणि एक काळा. निळा-हिरवा अशा जोड्या मिणमिणत्या दिव्यात म्हाताऱ्यांना, त्यातून मोतीबिंदू असला तर, अजिबात ओळखू येत नाहीत.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. गुंजा दिसायला सुंदर आणि वजनाला सारख्या, सोनार त्यांनी सोने तोलत असत, म्हणून काही घरांत त्या मोजायला घेतात. गुंज विषारी आहे. पोराने चावली तर जीवावर बेतते. एरंडाची बीही तशीच. जंगलातला बिबा तर हातातच नको, त्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात. आणि चिंचोके, कवड्या, गुंड्या रांगत्या पोराच्या नाकात-घशात जातात. चार सेंटिमीटरची चकती तशी जात नाही.

चकत्यांच्या कडा काचकागदाने मोडून घ्या, नाहीतर सतरंजीचे धागे निघतात. त्यावर घरच्या जवसाच्या तेलाचा हात द्या आणि सावलीत आठ दिवस वाळवा. तेलाचा फडका चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. अंगणात पसरून वाळवा. तेलाचा वास पंधरवडाभर राहतो, तोवर डब्याचे झाकण उघडे असू द्या.