ताटाची डावी बाजू

ताट वाढायची आपली एक ठरलेली रीत आहे. वर मध्यभागी मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये भात, पोळी किंवा भाकरी. आहारतज्ज्ञ म्हणून मी रोज बायकांना एकच प्रश्न विचारते, "काल काय काय जेवलात?" उत्तरात उजवी बाजू येते, मधला भाग येतो. डावी बाजू मला खोदून विचारावी लागते. तिला कुणी जेवणात धरत नाही. रक्तातल्या लोहाचा प्रश्न मात्र बराचसा त्या डाव्या बाजूलाच अडलेला असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये अॅनिमिया आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होतं. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमध्ये तर राज्यात ६८.९ टक्के. या सगळ्यांच्या घरी अन्नच शिजत नाही असं नाही. बाजरी, ज्वारी, डाळी, मटकी, चवळी, तांदुळजा हे लोह असलेले पदार्थ आपल्या रोजच्या जेवणात आहेत. मग ते लोह जातं कुठे?

आधी लाल रंगाचं बोलू. 'रक्त कमी आहे' असं कळलं की घरात बीट येतं, डाळिंब येतं, खजूर येतो. रंग रक्तासारखा, म्हणून रक्त वाढेल ही समजूत फार खोल आहे. बिटात १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमही लोह नसतं, डाळिंबात त्याहून कमी. गुळात १०० ग्रॅममागे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पण गूळ १०० ग्रॅम कोण खातं? रोजच्या खड्यातून एक मिलिग्रॅमही मिळत नाही. महागडं डाळिंब आणण्यासाठी घरातले पैसे खर्च होतात आणि त्याच घरात तांदुळज्याची जुडी नको म्हणून परत जाते, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. तांदुळज्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेचार मिलिग्रॅमहून अधिक लोह असतं आणि १०० ग्रॅम भाजी माणूस सहज खातो.

आकड्यांच्या बाबतीत आमच्या क्षेत्रातही मोठी उलथापालथ झाली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत पोह्यांमध्ये १०० ग्रॅमला २० मिलिग्रॅम आणि अळिवात तब्बल १०० मिलिग्रॅम लोह लिहिलेलं होतं. २०१७च्या नव्या तक्त्यांत पोहे साडेचारच्या आसपास आणि अळीव सुमारे १७ वर आले. नमुन्याला चिकटलेली माती, धूळ आणि यंत्राचं लोखंड मोजणीत आलं की आकडा फुगतो, आणि असं लोह शरीराच्या फारसं कामाचं नसतं. 'पोह्यात भरपूर लोह' हे वाक्य मात्र अजूनही पाठ्यपुस्तकी थाटात सांगितलं जातं. अळीव १७ वर आले तरी उत्तमच आहेत. पोह्यांकडून तेवढी अपेक्षा नको.

आता खरा हिशेब. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार पाळी सुरू असलेल्या स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. आकडा एवढा मोठा आहे, कारण आपल्या धान्यप्रधान जेवणातलं जेमतेम आठ टक्के लोह शरीरात उतरतं असं त्यात धरलेलं आहे. म्हणजे प्रत्यक्ष गरज सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपासची, बाकी सगळं न वापरता बाहेर. बाजरीच्या दोन भाकऱ्यांत साधारण आठ मिलिग्रॅम लोह असेल, तर त्यातलं अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच रक्तापर्यंत पोचतं. हे आठ टक्के बारा-पंधरापर्यंत नेता आले, तर बाजरी न वाढवताही बाईला दीडपट ते जवळपास दुप्पट लोह मिळेल. म्हणून मी 'काय खाल्लं' यापेक्षा 'कशासोबत खाल्लं' हे अधिक बारकाईने विचारते.

धान्य-कडधान्यांतलं लोह लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. तिथे त्याला फायटेट नावाचा घटक घट्ट धरून ठेवतो. तो धान्याच्या कोंड्यात आणि डाळींत असतो. चहातली पॉलिफेनॉल्सही तेच करतात. क जीवनसत्त्व उलटं काम करतं. ते लोहाला विरघळलेल्या, शोषता येईल अशा रूपात आणतं आणि फायटेटच्या तावडीतून सोडवतं. पण त्यासाठी दोघं एकाच वेळी आतड्यात असावे लागतात. सकाळी भाकरी आणि दुपारी चारला संत्रं, याचा लोहाला काही उपयोग नाही.

चपातीतल्या लोहाबद्दलचं आपलं ज्ञान कुठून आलं, याची एक अस्वस्थ करणारी गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९६९ मध्ये इंग्लंडमधल्या कव्हेंट्री शहरात दक्षिण आशियाई वंशाच्या सुमारे एकवीस स्त्रियांना किरणोत्सारी लोह मिसळलेल्या चपात्या घरपोच देण्यात आल्या, शोषण किती होतं ते मोजण्यासाठी. त्यांना हे नीट समजावून सांगितलं होतं का, त्यांची खरी संमती होती का, हा वाद तिथल्या संसदेच्या सदस्यांपर्यंत पोचला आहे. ज्या बायांच्या पंडुरोगाची काळजी वाहायची, त्यांनाच न विचारता प्रयोगात धरलं गेलं असेल, तर ते मला कोणत्याही निष्कर्षाच्या बदल्यात मान्य नाही.

चहाचा परिणाम १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिला. पावासोबत चहा घेतला की पावातल्या लोहाचं शोषण जवळपास एक तृतीयांशावर आलं. आता आपला नाश्ता डोळ्यांसमोर आणा. कांदेपोह्यांवर लिंबू पिळलेलं आणि शेजारी चहाचा कप. एक वर ओढतो, दुसरा खाली. चहा-चपाती हाच नाश्ता असलेल्या घरांत तर वर ओढणारं कुणीच नाही, आणि त्या चहात बुडवलेली चपाती दोन वर्षांच्या मुलालाही भरवली जाते. चहा सोडा असं मी कधीच सांगत नाही, कारण तो सुटत नाही. खाण्याआधी आणि नंतर एक तास चहा नको, एवढंच सांगते. मुलाला मात्र मुळीच नको.

लिंबाबद्दल थोडं खरं बोलायला हवं. त्याचं नाव मोठं आहे, पण अर्ध्या लिंबाच्या रसातून सहा-सात मिलिग्रॅमच क जीवनसत्त्व मिळतं. आंबटपणाची थोडी मदत होते ती वेगळी. पेरू यात फार पुढे आहे. १०० ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमहून अधिक. म्हणजे दोन-तीन फोडींत पन्नास मिलिग्रॅम सहज. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किशोरवयीन मुलामुलींना भाताच्या साध्या जेवणासोबत पेरू दिला, तेव्हा लोहाचं शोषण दुपटीहून अधिक झालं. जेवण तेच, तांदूळ तोच. आपल्याकडे मात्र पेरू जेवणात येत नाही. तो शाळेबाहेरच्या गाडीवर तिखट-मीठ लावून मधल्या वेळी खाल्ला जातो आणि त्याची सगळी ताकद लोहाविना वाया जाते.

म्हणून पेरूची कोशिंबीर. अर्धवट पिकलेला, दाताखाली थोडा करकरीत लागेल असा पेरू घ्यायचा. बिया टणक असतील तरच मधला गर काढायचा. बारीक फोडी करायच्या, त्यात मीठ, चिमूटभर साखर, ठेचलेली हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर आणि लिंबू. वरून तेलात मोहरी-हिंगाची फोडणी, ती थोडी निवल्यावर. दाण्याचं कूट घातलं तर चव खुलते, पण दाण्यातही फायटेट आहे, तेव्हा चमचाभरच. दही या कोशिंबिरीत नको. ते दुसऱ्या वेळी खावं. आणि ही कोशिंबीर पानं घेतल्यावर कालवायची. सकाळी चिरून संध्याकाळपर्यंत ठेवली की क जीवनसत्त्व हवेने आणि वेळेने उतरत जातं. लिंबूही भाजी उतरवल्यावर पिळावं, उकळत्या कढईत नाही. लोणच्याच्या बरणीत महिनोन्‌महिने राहिलेल्या लिंबाकडून चव घ्यावी, क जीवनसत्त्वाची अपेक्षा ठेवू नये.

डाव्या बाजूची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे लसूण आणि कांदा. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोगशाळेत धान्यं आणि कडधान्यांसोबत लसूण, कांदा मिसळून पाहिला. लोह आणि जस्त दोन्ही अधिक मोकळं झालं. हा प्रयोग नळीतल्या पचनावर होता, माणसांवर नव्हता, हे लक्षात ठेवूनही बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा या शेतावरच्या न्याहारीकडे मी आदराने पाहते. त्यात पेरू किंवा दोन आवळ्यांच्या फोडी आल्या की जेवण पुरं झालं. भोगीच्या भाजीचंही मला असंच अप्रूप आहे. ओला हरभरा, पावटा, गाजर, वांगं, त्यात बोरं, आणि जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ही भाजी वर्षातून एकदाच का करायची? बोरं आणि ओला हरभरा बाजारात असेतो दर आठवड्याला व्हावी.

बाजरीच्या बाबतीत महाराष्ट्राने एक चांगलं काम केलं आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने मिळून 'धनशक्ती' हे अधिक लोहाचं बाजरीचं वाण दिलं. राज्यातल्या शाळकरी मुलामुलींना अशा बाजरीच्या भाकऱ्या देऊन झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या शरीरातला लोहसाठा सुधारला.

मोड आणणं हा तर आपल्या स्वयंपाकाचा फार मोलाचा भाग. मटकी भिजते, मोड फुटतात, तेव्हा फायटेट कमी होतं आणि कोरड्या दाण्यात जवळपास नसलेलं क जीवनसत्त्व तयार होऊ लागतं. आंबवण्यानेही फायटेट घटतं. नाचणीची किंवा ज्वारीची आंबील, आंबोळी यांत तोच फायदा. कोकणात आणि गोव्यात सुकट, जवळा, बोंबील भाजीत घालतात. मासळीतलं लोह सहज शोषलं जातं, शिवाय सोबतच्या वांग्या-भाकरीतलं लोहही ती वर ओढते. खाणाऱ्यांनी मूठभर जवळ्याला कमी लेखू नये.

बाळंतिणीला अळिवाचे लाडू देतात, त्यात नारळ आणि गूळ असतो; जोडी चांगली आहे. अळिवाची दुधातली खीर मात्र लोहासाठी देऊ नये, कारण दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं शोषणाला अडवतात. चमचाभर अळीव पाण्यात भिजवून फुगले की नारळपाण्यात घालून, वर लिंबू पिळून द्यावेत. दूध तिला हवंच, ते रात्री झोपताना.

लोखंडी कढईचाही उल्लेख हवा. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या इथिओपियातल्या अभ्यासात लोखंडी भांड्यात शिजवलेलं अन्न खाणाऱ्या लहान मुलांमधला अॅनिमिया कमी झाला होता. टोमॅटो, चिंच, कोकम असलेली आमटी थोडा वेळ लोखंडी कढईत शिजवून लगेच दुसऱ्या भांड्यात काढली की रंग आणि चव बिघडत नाही.

पण या सगळ्या जोड्या कुणाच्या ताटात पोचतात? मी घरोघर पाहते ते असं. आधी पुरुष आणि मुलं बसतात, त्यांच्या ताटात डावी बाजू असते. कोशिंबिरीचं भांडं रिकामं होतं, लिंबाच्या फोडी संपतात. शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात भाकरी आणि कालवणाचा तळ उरतो. तिच्यासाठी नवीन काकडी चिरायला कुणी उठत नाही आणि ती स्वतः तर उठतच नाही. जेवून होताच ती चहा ठेवते, कारण दिवसभरात तेवढीच एक बसायची वेळ असते. लोहाची गरज घरात सगळ्यांत जास्त तिला, आणि शोषण सगळ्यांत कमी तिचं. म्हणून मी आता नवऱ्यांना आणि सासूबाईंना सोबत बोलावते आणि त्यांच्यासमोर सांगते, "कोशिंबीर करताच ताईंचा वाटा आधी वेगळा काढून ठेवा." अंगणवाडीच्या आणि शाळेच्या आहारातही खिचडीसोबत हंगामातल्या पेरूची फोड असावी, यासाठी आपण सगळ्यांनी मागणी करायला हवी. आवळा, पेरू, बोर ही काही परदेशी फळं नाहीत.

जेवणाने भागत नाही अशीही वेळ असते, आणि तिथे आहाराचा आग्रह धरणं घातक आहे. हिमोग्लोबिन फार उतरलेलं असेल तर गोळ्या किंवा इंजेक्शन डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायलाच हवं. गोळी चहा-दुधासोबत नको. सगळा अॅनिमिया लोहाचाही नसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे किती पसरली आहे ते दाखवून दिलं आहे. ते दूध, अंडी, मासे, मटणातूनच मिळतं. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा अंश असलेल्या माणसाने तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या खाऊ नयेत.

थंडीच्या सुरुवातीला पेरू बाजारात असतात, पाठोपाठ आवळा, बोरं, हरभऱ्याचे डहाळे येतात. थंडीचे हे महिने लोह भरून काढायला वर्षातले सगळ्यांत सोपे. अडचण येते ती एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा लिंबू इतकं महागतं की ते घरात पहिलं बंद होतं. तेव्हा कैरी घ्यावी. कैरीत क जीवनसत्त्व लिंबाहून जास्तच असतं. कैरी आणि कांदा किसून, तिखट, मीठ, गूळ, वर फोडणी: विदर्भ-मराठवाड्यात याला तक्कू म्हणतात. ज्वारीच्या भाकरीशेजारी तो ताजाच वाढावा, आणि करणारीने पहिला चमचा स्वतःच्या ताटात घालावा.