दारातली चिठ्ठी आणि जिन्याखालचा फळा

चार माणसांनी मिळून काही करायचं ठरवलं की पहिली अडचण येते ती निरोपाची. कुणी, कुणाला, कसं कळवायचं? लालबागच्या आमच्या चाळीत सध्या यावरून दोन तट पडले आहेत. चाळीची गृहनिर्माण संस्था झाली आहे आणि पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. तरुण मंडळी म्हणतात, "फोनवर सगळ्यांचा ग्रुप आहे. जे असेल ते प्रत्येकाच्या हातात पोचतं. फळा कशाला हवा आता?" जुनी मंडळी म्हणतात, "फळा राहू दे. शनिवारी रात्री पटांगणात बसू. ज्याला बोलायचंय तो येईल."

फोन नवा आणि खडू जुना, हा भाग क्षणभर बाजूला ठेवू. खरा प्रश्न असा आहे की, निरोपाने माणसाच्या दारात जावं की माणसाने निरोपाच्या जागी यावं?

मी परळच्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. तिथे दोन्ही सोयी होत्या. एक सूचनावही. शिपाई ती वर्गावर्गात फिरवायचा. आपण समासाचा विग्रह करून दाखवतोय आणि हा वही घेऊन दारात उभा. खडूच्या हातानेच नावापुढे सही करायची. सही झाली म्हणजे कळवलं. वाचलं का, पटलं का, काही शंका आहे का, याला त्या वहीत जागाच नसायची. दुसरा होता शिक्षकांच्या खोलीतला फलक. तो कुणाच्या दारात जात नसे. पण त्याच्यासमोर तिघं जण चहाचा कप घेऊन उभे राहिले की बोलणं सुरू व्हायचं. "अहो, सहामाहीचे पेपर आणि सायनची स्पर्धा एकाच दिवशी कशी?" असं कुणीतरी म्हणायचं आणि वेळापत्रक बदलायचं. सूचनावहीमुळे वेळापत्रक बदललेलं मला एकदाही आठवत नाही. मात्र रजेवर असलेल्या बाईंना फलक दिसायचा नाही, हेही तितकंच खरं.

आमच्या गिरणगावाला हा पेच नवा नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुटायच्या वेळी गिरणीच्या दारावर सभा व्हायच्या. जाणारा-येणारा प्रत्येक कामगार त्याच दारातून जाणार, मग वेगळं बोलावणं कशाला? कोकणातल्या गावांच्या मंडळांची एखाद्या चाळीत खोली असायची. गावचं पत्र त्या पत्त्यावर यायचं आणि जमलेल्यांना वाचून दाखवलं जायचं. पत्र एकाच दारात यायचं, पण ऐकायचे सगळे. पुढे १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबला तसे पुष्कळ जण कोकणात, घाटावर आपापल्या गावी निघून गेले. गिरणीचं दार तिथेच होतं, पण त्यातून जाणारी-येणारी माणसं राहिली नाहीत. गावी गेलेल्याला इथलं काही कळवायचं तर पत्र लिहिण्यावाचून इलाज नव्हता.

म्हणजे जागेवरचं बोलणं जागेवर असणाऱ्यांच्या सोयीचं. लांब असणाऱ्याला त्याच्या दारातच निरोप हवा. रोमन लोकांनाही हे चुकलं नाही. इसवी सन पूर्व ५९ मध्ये ज्युलियस सीझर कॉन्सल झाला आणि त्याने सिनेटचं आणि लोकांचं रोजचं कामकाज प्रसिद्ध करण्याची पद्धत घातली. शहरातल्या माणसाने जाऊन वाचावं हे ठीक. पण पुढे सिसरो सुभेदार म्हणून दूर किलिकियात गेला, तेव्हा त्याच्यासाठी रोमच्या बातम्यांचं टिपण पत्रासोबत पाठवावं लागलं. दोन हजार वर्षांपूर्वीही एका सोयीत भागलं नव्हतं.

आता आमच्या चाळीकडे बघा. निम्म्या खोल्यांना कुलूप. कुणी विरारला राहतं, कुणी डोंबिवलीला, कुणाचा मुलगा पुण्यात. गणपतीत येतात, कुलूप उघडतात, अकरा दिवस राहतात आणि जातात. त्यांची खोलीही तेवढीच त्यांची आहे. जिन्याखालच्या फळ्यावर "रविवारी सभा" असं लिहिलं तर ते त्यांना कधी कळणार? इथे तरुणांचं म्हणणं मला मान्य आहे.

पण फोनवरच्या ग्रुपमध्ये काय होतं तेही मी रोज पाहते. सकाळी कुणीतरी विचारतं, "नव्या घराचा चटई क्षेत्राचा आकडा नक्की किती?" त्यावर दोन उत्तरं येतात. मग कुणाच्या नातवाचा वाढदिवस, मग पाणी किती वाजता जाणार ते, मग पन्नास हात जोडलेले. संध्याकाळपर्यंत तो प्रश्न कुठच्या कुठे वाहून जातो. दुसऱ्या आठवड्यात दुसरा कुणी तोच प्रश्न विचारतो आणि पहिला चिडतो. ज्याला ग्रुपमध्ये उशिरा घेतलं त्याला आधी काय ठरलं ते माहीतच नसतं. बरं, एकाच्या शंकेसाठी ऐंशी घरांतले फोन वाजतात, म्हणून भिडस्त माणूस विचारायचंच टाळतो. काहींनी तर आवाजच बंद करून ठेवलाय. निरोप दारात आला, पण दार लावलेलं!

तळमजल्यावरच्या मावशी पंच्याऐंशीच्या आहेत. साधा फोन, तोही बहुतेक वेळा बंद. एकशे साठ चौरस फुटांची खोली, तेवढीच त्यांची इस्टेट. मागच्या महिन्यात नळावर मला म्हणाल्या, "बाई, सगळं ठरलं म्हणतात. मला तर कुणी विचारलंच नाही." ग्रुपमध्ये त्यांचा भाचा आहे, म्हणून त्यांना कळवलं असं धरलेलं होतं. भाचा राहतो बदलापूरला.

हे ऐकल्यापासून मला एक गोष्ट पक्की वाटते. सांगणं आणि बोलणं ही दोन कामं आहेत. एकाच साधनाने दोन्ही उरकायला गेलं की दोन्ही बिघडतात. जे चुकून चालणार नाही, म्हणजे सभेची तारीख, सहीचा दिवस, भरायचे पैसे, ते प्रत्येकाच्या दारात गेलं पाहिजे आणि त्याची पोच घेतली पाहिजे. ज्यावर मतं द्यायची आहेत ते एका ठरलेल्या जागी राहिलं पाहिजे. तिथे विषयाप्रमाणे, तारखेप्रमाणे ते दिसावं आणि उशिरा आलेल्यालाही मागचं वाचता यावं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही हाच शहाणपणा आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना चौदा पूर्ण दिवस आधी सभासदांना पोचवायची आणि तिची प्रत सूचना फलकावरही लावायची. दोन्ही करायचं.

आणखी एक. साधन निवडताना ते राखणार कोण, हे आधी विचारावं. सूचनावहीला शिपाई लागतो आणि फळ्याला पुसणारा. ज्याच्या हातात डस्टर असतं त्याच्या हातात थोडी सत्ताही असते, हे शाळेत शिकवलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून मी समितीला सुचवलंय की फळा पुसण्याआधी त्यावरचा मजकूर तारखेसह एका वहीत उतरवावा. फोनवर आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरंही त्याच वहीत लिहावीत. वही जिन्याखालच्या कपाटात राहील, ती कुणीही मागावी. लिहायचं काम मी घेतलंय. अक्षर अजून बरं येतं!

ग्रुप चालू राहील, फळाही राहील. दोन्ही तटांना थोडं थोडं खटकलंय, म्हणजे वाटणी बरोबर झाली असावी. सभेच्या चिठ्ठ्या छापून झाल्या आहेत. कुलूपबंद खोल्यांच्या पोस्टाने जातील, बाकीच्या हाती द्यायच्या. मावशींची चिठ्ठी मी स्वतः नेणार आहे. नुसती सही घेऊन परत येणार नाही. जरा बसेन, वाचून दाखवेन, आणि त्या काय म्हणतात ते वहीत लिहीन.