सहा माणसांची होडी

आमच्या बेळगावच्या घरी दर वर्षी मे महिन्यात मालवणहून एक गोणपाटाची पिशवी यायची. आत सुके बांगडे, गोलमो, आमसोलं आणि वर्तमानपत्रात बांधलेली फणसाची साठं. पिशवी कधी एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर यायची, कधी गावाहून येणाऱ्या कोणाबरोबर. आई ती घाईघाईने स्वयंपाकघरात नेऊन डब्यात भरायची. वास गल्लीत जायचाच. शेजारच्या काकूंनी विचारलं की आई म्हणायची, "गावचा खाऊ आलाय." आणि "भाऊ काय करतात?" असं विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर, "त्यांचा व्यवसाय आहे."

व्यवसाय म्हणजे होडी. दांडीच्या किनाऱ्यावर मामाची एक होडी होती आणि घर त्या होडीवर चालायचं. पण बेळगावात लग्न होऊन आलेल्या आईने हा शब्द घराबाहेर कधी काढला नाही. आम्हा मुलांनाही त्याचं काही वाटलं नाही. आम्ही इथे वाढलो. आमचं पाणी म्हणजे नळाचं आणि पावसाचं.

या वर्षी मेच्या मध्यावर मी माझ्या नववीतल्या मुलाला घेऊन मालवणला गेलो. मामाचा फोन आला होता. "एकदा येवन जा. होडयेचा काय ता ठरवचा असा." आईचे गुडघे दुखतात, आंबोलीचा घाट तिला आता सोसत नाही, म्हणून मीच निघालो. शिनोळी, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ करत दुपारपर्यंत पोचलो. मुलाने वाटेतच प्रश्नांची यादी करून ठेवली होती. होडी किती फुटांची, वेग किती, एका लिटरला किती जाते, किंमत किती.

मामा समुद्रावरून यायचे होते, म्हणून आधी बंदरावर जाऊन सिंधुदुर्ग बघून घेतला. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. आजही तिथे जायला होडीच लागते. जेटीवरच्या होडीवाल्याने आमची शहरी तोंडं बघून एका दमात सगळं सांगितलं. "पंचवीस माणसांची आहे साहेब. लायसन्स आहे, जॅकेट सगळ्यांना आहे. जायला दहा-पंधरा मिनिटं, किल्ल्यावर एक तास, मग परत." मुलगा खूश झाला. त्याच्या यादीतली निम्मी उत्तरं न विचारताच मिळाली होती. त्याने वहीत लिहिलं, "क्षमता २५".

संध्याकाळी दांडीवर मामा भेटले. होडी वाळूत ओढून ठेवलेली होती. लाकडी, एका बाजूला उलांडी. होडी लाटेवर कलू नये म्हणून बाहेर बांधलेलं ते लांबट लाकूड असतं, त्याला आमच्याकडे उलांडी म्हणतात. आतून काजूच्या टरफलाच्या तेलाचा काळा हात फिरवलेला. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू आणि सुकलेला झेंडू.

मुलाने पहिला प्रश्न टाकला. "आजोबा, किती फुटांची आहे?"

"फूट कोणी मोजलेत? सहा माणसांची असा."

मुलगा आत डोकावला. "पंचवीस तर नाही मावणार, पण दहा सहज मावतील की."

मामा हसले. "मावतली. पण असा सहा माणसांची."

"होडीवर जातात किती?"

"पाच. मी, माझो झिल आणि तीन खलाशी."

"मग पाच माणसांची ना?"

"सहा," म्हणून मामा जाळं उचलायला गेले. मुलाने वहीत पाच लिहिलं, खोडलं, सहा लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

मामांचं जाळं आवरेपर्यंत आम्ही किनाऱ्याने मोरयाच्या धोंड्याच्या दिशेने चालत गेलो. वाटेत जी होडी दिसेल तिच्या मालकाला मुलगा काही ना काही विचारत होता. उत्तरं त्याच्या यादीत बसत नव्हती. एकाला विचारलं, होडी किती जुनी. तो म्हणाला, "फयानच्या वर्षीची." मुलाला फयान कळेना. २००९च्या नोव्हेंबरात आलेलं ते वादळ. त्यात अनेकांच्या होड्या गेल्या आणि नंतर नव्या बांधल्या गेल्या. पलीकडचा लगेच म्हणाला, "माझी तौक्तेनंतरची." ते २०२१च्या मे महिन्यातलं. वय सांगायला त्यांना सालाची गरजच पडत नव्हती.

दुसऱ्याला विचारलं, किती लांब जाता. उत्तर आलं, "धा वावापर्यंत." वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधलं अंतर, साधारण सहा फूट. म्हणजे जिथे पाणी साठेक फूट खोल आहे तिथपर्यंत. आपण किती दूर ते विचारतो, तो किती खोल ते सांगतो, कारण जाळं खाली किती सोडायचं हे त्याला खोलीवरून ठरवायचं असतं. मोठ्या बोटीच्या मालकाने लांबी न सांगता "सहा सिलिंडर" म्हटलं. इंजिनाचे सिलिंडर सांगितले की किनाऱ्यावरच्या माणसाला बोटीचं आकारमान, डिझेलचा खर्च आणि ती किती दिवस बाहेर राहते, सगळं एकदम कळतं.

एका होडीवर मात्र मुलगा पुरता अडकला. चांगली लांबरुंद होडी, शेजारी जाळ्याचा डोंगर.

"ही कोणाची?"

"रापणीची."

"म्हणजे मालक कोण?"

"रापण."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते समुद्रात अर्धवर्तुळात सोडून येते आणि मग दोन्ही बाजूंनी माणसं ते वाळूवर ओढतात. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, म्हणून वाडीतली अनेक घरं त्यात वाटेकरी असतात. जाळ्याचं नाव रापण, ओढणाऱ्यांच्या गटाचं नावही रापणच. मालक विचारला की गटाचं नाव सांगतात. मुलगा म्हणाला, "बाबा, हे कोऑपरेटिव्ह आहे." मी म्हटलं, शब्द तुझा, पद्धत त्यांची आणि तुझ्या शब्दापेक्षा जुनी.

परत येताना मामांना त्याने होडीचा वेग विचारला, तेव्हा मामा म्हणाले, "वाऱ्याक इचार." पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. जाताना पहिला धरायचा, येताना दुसरा. "इंजिन असा, पण वाऱ्याच्या आड कशाक जावचा? डिझेल काय फुकट गावता?" मग होडीच्या फळीवर हात ठेवून म्हणाले, "बरी असा पाण्यात. फक्त उधाणात डोक्या फिरता तिचा. बारकी असा, पण कोणाच्या पोटार पाय देणारी नाय."

हे शेवटचं वाक्य मला नीट कळलं. मोठ्या जाळ्यांच्या बोटी किनाऱ्याजवळ येऊन सगळंच उचलून नेतात, ही इथल्या पारंपरिक मच्छीमारांची बरीच जुनी तक्रार आहे. मामा होडीचं वर्णन करत होते आणि त्याच वाक्यात आपण कोणत्या बाजूचे तेही सांगत होते.

रात्री जेवणं झाल्यावर मामेभावाने विषय काढला. त्याचं म्हणणं सरळ होतं. मासळी पूर्वीसारखी लागत नाही. डिझेल परवडत नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद, मुलांची फी मात्र चालू. जुनी होडी विकायची, थोडं कर्ज काढायचं आणि पर्यटकांसाठी फायबरची बोट घ्यायची. "तीस सीट, वर छप्पर, दोन इंजिनं," तो म्हणाला. त्याने मोबाइलवर फोटोही दाखवला. मला त्याचं चुकीचं वाटलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सीटवर बसलेलो माणूस तासाभरान उतरता. माझी माणसा उतरणत नाय."

तेव्हा मुलाने वही उघडली. "आजोबा, तो सहावा माणूस कोण?"

मामा म्हणाले, "तुझी आजी."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण मामी उठल्या आणि देवघराच्या खालून एक जुनी वही घेऊन आल्या. १९८७ साली मामांनी होडीला पहिलं इंजिन बसवलं, एका सिलिंडरचं. पैसे अर्धेच होते. उरलेल्या अर्ध्यांसाठी आईने बेळगावहून येऊन आपल्या पाटल्या काढून दिल्या होत्या. "तुमच्या आवशीन लग्नातल्यो पाटल्यो दिल्यान," मामी म्हणाल्या. "तुमच्या बाबांकय ठावक होता." मला मात्र आजवर ठाऊक नव्हतं.

मामांनी मुलाला हिशेब समजावला. मासळी विकून आलेल्या पैशांतून आधी डिझेल, बर्फ आणि जेवणखाण वजा. उरलेल्याचे त्यांच्या होडीवर नऊ वाटे. पाच माणसांचे पाच, जाळ्यांचे दोन, होडीचा एक आणि इंजिनाचा एक. समजा एखाद्या दिवशी बारा हजार आले आणि तीन हजार खर्च झाला, तर उरले नऊ हजार, म्हणजे वाट्याला हजार. त्यातल्या इंजिनाच्या हजारातले अर्धे आईचे.

"पण ते इंजिन आता कुठे आहे?" मुलाने विचारलं.

"इंजिन दोनदा बदलला. हिशेब बदलूक नाय."

वहीत दर वर्षाच्या पानावर आईचं माहेरचं नाव होतं. समोर पैशांचा आकडा आणि पुढे नोंद, कधी 'बांगडे, गोलमो', कधी 'सोलां', एका वर्षी 'डॉक्टरकडे दिले', ते बाबांच्या ऑपरेशनचं वर्ष होतं. "पैशे पाठवलंय तर परत धाडी," मामा म्हणाले. "म्हणान माशे धाडूक लागलंय. ता तरी परत कसा धाडतली?"

आम्ही इतकी वर्षं खाऊ समजून खाल्लं, तो वाटा होता.

"आता तिका इचारल्याशिवाय होडी इकूचो अधिकार माका खय?" मामा म्हणाले. म्हणजे मला बोलावलं होतं ते सल्ला द्यायला नव्हे. आईची परवानगी घेऊन यायला बोलावलं होतं.

फोन तिथूनच लावला. मामा अंगणात जाऊन बोलले. आई इतकी अस्सल मालवणी बोलते हे माझ्या मुलाने त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. स्पीकर चालू होता, त्यामुळे शेवटचं वाक्य आम्हालाही ऐकू आलं. "इक. पोराक करूचा ता करू दे. पण खय जाता ती माका कळव."

मुलगी सासरी देताना विचारतात तसं.

दुसऱ्या दिवशी निघताना गोणपाटाची पिशवी गाडीत ठेवली. होडी पावसाळ्यापुरती झापांखाली झाकून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेनंतर गिऱ्हाईक बघायचं, असं ठरलं. मुलाने घाटात मला विचारलं, "आपण गाडी घेतली तेव्हा मी मित्रांना काय सांगितलं होतं माहीत आहे? सीसी, मायलेज आणि किंमत." मग थोड्या वेळाने, "आजोबांनी शेवटपर्यंत किंमत सांगितलीच नाही ना?" मी म्हटलं, सांगितली की, तू वहीत लिहिली आहेस.

आपल्यापैकी अनेकांची मुळं कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर, शेतात, मागावर किंवा दुकानात आहेत. सुट्टीत गेलात आणि एखादी होडी दिसली, तर लांबी जरूर विचारा. पण तिच्यावर किती माणसं आहेत हेही विचारा आणि उत्तर पाण्यावरच्या माणसांपेक्षा जास्त आलं, तर उरलेली कोण ते विचारल्याशिवाय उठू नका. त्यातलं एखादं आपल्याच घरात बसलेलं असेल.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आई व्हरांड्यात बसून होती. पिशवी आत नेऊ लागलो तर म्हणाली, "इथेच सोड." वास सुटला. शेजारच्या काकूंनी नेहमीप्रमाणे कुंपणावरून विचारलं, "काय हो, गावचा खाऊ आला वाटतं?"

आई बांगडे निवडता निवडता म्हणाली, "खाऊ नव्हे. माझ्या होडीचा वाटा आलाय. थांबा, तुम्हालाही देते थोडी सोलं."

"तुमची होडी आहे?" काकू कुंपणापाशी आल्या. "केवढी आहे हो?"

"सहा माणसांची," आई म्हणाली.