एका स्वल्पविरामाची गोष्ट

गणपतीचे दिवस जवळ आले कीं आमच्या हमरापुरांत मूर्तींच्या कारखान्यांवर नव्या पाट्या लागतात, व रंगविण्याआधीं त्यांचा मजकूर माझ्याकडे तपासावयास येतो. 'मास्तर पुन्हां स्वल्पविराम घालणार' असें म्हणून पोरें हंसतात. हंसोत बापडीं! हा हट्ट मला कोठून जडला, तें आज वाचकांस सांगतों.

माझ्या पुतण्याचें बिऱ्हाड नॉर्वे देशांत ऑस्लो येथें आहे. त्याची मुलगी सुटींत आली असतां तिनें तिकडे मुलांना सांगतात तें एक वाक्य मला सांगितलें. एका कैद्याविषयीं आज्ञा येते. नकाराचा शब्द दोन क्रियापदांच्या मध्यें आहे. त्याच्यापुढें स्वल्पविराम दिला तर अर्थ 'फांशी देऊं नका, मी येईपर्यंत थांबा'. मागें दिला तर 'फांशी द्या, मी येईपर्यंत थांबूं नका.' गौण वाक्य आधीं आलें तर त्याच्या शेवटीं स्वल्पविराम दिलाच पाहिजे, असाही त्यांचा नियम आहे म्हणे. आपल्याकडे तो बहुधा लिहिणाराच्या मर्जीवर. पोर सांगतां सांगतां हंसत होती. मला हंसूं आलें नाहीं.

आपल्या भाषेंत हीं चिन्हें तशीं अलीकडचीं. संस्कृत पोथींत दंडावर भागे. मोडींत तर ओळ आधीं आंखून अक्षरें सलग लिहीत, शब्दाशब्दांतही अंतर नसे. मेजर थॉमस कँडी यांनीं 1850 सालीं 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहून हीं चिन्हें मराठींत रुजविलीं. आमच्या वडिलांपर्यंत मात्र कँडीसाहेब पोंचले नव्हते. त्यांचा हात मोडीवर बसलेला. बाळबोध लिहीत तेंही एका दमांत.

1987 सालीं मी दूरच्या एका तालुक्यांत शिक्षक होतों. श्रावणांत वडिलांचें कार्ड आलें. मजकूर एका ओळीचा: 'तुझ्या आईची प्रकृति बरी नाहीं आलास तरी चालेल'.

चाचणी परीक्षा तोंडावर आलेली; मुख्याध्यापकांकडे रजा मागणें माझ्या जिवावर येई. मीं वाचलें, 'प्रकृति बरी, नाहीं आलास तरी चालेल.' कार्ड खिशांत घातलें आणि वर्गावर गेलों. नवव्या दिवशीं तार आली. मी घरीं पोंचलों तेव्हां सर्व आटोपलें होतें.

वडिलांनीं एवढेंच विचारलें, "कार्ड मिळालें नव्हतें काय रे?"

"मिळालें होतें," मी म्हणालों. पुढें त्यांनीं तो विषय कधीं काढला नाहीं. 'ये' असें उघड म्हणणें त्यांच्या स्वभावांतच नव्हतें; 'आलास तरी चालेल' हीच त्यांची हांक, हें मुलाला कळावयास हवें होतें.

दोष मोडीच्या वळणाचा, असें मी पुष्कळ वर्षें स्वतःस सांगत आलों. परंतु कार्डावर स्वल्पविराम नव्हताच. तो मीं घातला, आणि मला सोयीचा होता तेथें घातला.

तें कार्ड अजून माझ्या अमरकोशांत आहे. परवां तें पुतण्याच्या मुलीला दाखविलें. तिनें अक्षर लावीत लावीत दोनदां वाचलें आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली. मीं दिली नाहीं.